तिसऱ्या वळणावरची तीज

‘या वयात हे माऊंटन बायकिंगचं खूळ कुठून लागलं हो तुम्हाला?’ असं कचेरीत दर सोमवारी कोणी ना कोणी विचारतंच. सोमवारी, कारण रविवारी मी डोंगरावर जाते आणि सोमवारी माझ्या हातांवर ओरखडे असतात. वय शेहेचाळीस, नोकरी यवतमाळात जमीनमोजणीच्या कचेरीत, कारकुनाची. आणि हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं. अहो, खूळ तुमचं. आमची ती शाळेत जायची वाट होती.

आमचा तांडा डोंगराच्या अर्ध्यावर आहे. तांड्यावरून वर गेलं की माथा, आणि खाली उतरलं की ओढा. ओढ्याच्या पलीकडं शाळेचं गाव. तांड्यातून ओढ्याकडं उतरणाऱ्या वाटेला आम्ही लदेणी म्हणतो. आमचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, तेव्हा ते लादलेले बैल या वाटेनं चढायचे, म्हणून लदेणी. पुढं बैल गेले, शेती आली, नाव तेवढं राहिलं. वाटेला तीन वळणं. खालून चढताना पहिली दोन सोपी. तिसरं मात्र हरामखोर आहे. उभा चढ, सुटलेला मुरूम, मधोमध बैलाच्या पाठीएवढा काळा दगड, एका अंगाला घाणेरीचं रान आणि दुसऱ्या अंगाला घळ.

माझ्या भावाकडं बावीस इंची काळी सायकल होती. तिला ब्रेक होते, पण नावाला. तिसरं वळण उतरताना मागं बसलेल्यानं चप्पल मागच्या चाकावर दाबायची, ही आमची पद्धत. मागं मी. एका अंगाला पाय सोडून बसायची, त्यामुळं माझी डावीच चप्पल झिजायची. याडी, म्हणजे माझी आई, त्यावर म्हणायची, “एक दिवस या बाजूनं बस, एक दिवस त्या बाजूनं. दोन्ही चपला सारख्या झिजतीन.” टायर फाटलं तर आत जुन्या टायरचा तुकडा घालायचा, त्याला गेटर म्हणायचे. आमच्या त्या टायरात गेटरच जास्त होते आणि टायर कमी. संध्याकाळी परत येताना सगळे खाली उतरून सायकल ढकलत चढायचे. त्यात लाज वाटायचं काही कारणच नव्हतं. चढावर पाय टेकवला की कमीपणा, हे व्रत शहरातल्या लोकांनी काढलंय.

मग मोटारसायकली आल्या, पलीकडून डांबरी सडक आली आणि लदेणीवर घाणेरी माजली. ज्याचं काही चालत नाही त्याचं वाहन म्हणजे सायकल, असं झालं. माझ्या लग्नाच्या वेळी भावानं ती काळी सायकल गोठ्यामागं उभी केली, ती मातीत गेली. मी यवतमाळात स्कूटी घेतली, मीही काही वेगळी नव्हते.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या घरासमोरच्या दातांच्या डॉक्टरांनी नागपूरहून गियरची सायकल आणली. वकिली, हेडक्लार्की करत आलेल्या जुन्या घराण्यातले हे डॉक्टर. सायकलीला जाड टायर, पुढं मोटारसायकलीसारखे शॉकअप, आणि डॉक्टरांच्या अंगाला चिकटलेली चड्डी. ती चड्डी पाहून गल्लीतल्या बाया आत पळायच्या आणि पडद्याआडून पाहायच्या. पानठेल्यावरचे लोक म्हणायचे, “काहून डॉक्टर, पेट्रोल नाई भरलं का आज?” डॉक्टर हसून निघून जायचे. माणूस चिवट आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

एक दिवस त्यांनी विचारलं, “ताई, तुमच्या तिकडं डोंगरात एखादी वाट आहे का हो?”

आहे म्हटलं. विचारायची देर होती.

त्या रविवारी डॉक्टर, त्यांचे दोन मित्र आणि मी घाणेरी तोडत तोडत लदेणी चढलो. मी पायी, ते सायकली खांद्यावर घेऊन. उतरताना मी डॉक्टरांची सायकल आणि हेल्मेट मागून घेतलं. तिसऱ्या वळणावर माझा डावा पाय आपोआप मागच्या चाकाकडं गेला, आणि मी अशी आपटले की हेल्मेटचा टवका उडाला. उठले तेव्हा हसत होते. वीस वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. महिन्याभरात एका प्राध्यापकाची जुनी गियरची सायकल मी घेऊन टाकली. घरी नवरा म्हणाला, “हौसेला मोल नाही.” टोमणा होता, पण मी तो आशीर्वाद म्हणून घेतला.

तेव्हाचा आमचा रविवार असा असायचा: चौघं-पाचजण चढायचो, तांड्यात नायकाच्या दारातल्या लिंबाखाली बसायचो, काळा चहा प्यायचो, गोखरूचे काटे टायरमधून उपटायचो. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. आमचे नायक माझे चुलतकाका लागतात. डॉक्टरांनी त्यांच्या दोन दाढा तिथंच तपासल्या होत्या. आणि माझी भाची, माझ्या भावाची पोरगी, तेव्हा परकर-पोलक्यात होती, ती लिंबाखाली येऊन मला एकच प्रश्न विचारायची, “आत्या, आज किती जागी पाय टेकवला?”

मी सांगायची, “तीन.” पुढं दोनवर आले. मग एकावर, आणि तो एक म्हणजे तिसऱ्या वळणावरचा काळा दगड. तिथून काही हलेना.

मग लॉकडाऊन आलं आणि अख्ख्या यवतमाळाला सायकलीचं वेड लागलं. व्यायामशाळा बंद, सगळे सायकलीवर. वेड चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. नेरहून, उमरखेडहून लोक सायकली गाड्यांवर बांधून आणायचे. ग्रुप झाला, ग्रुपचा रंगीत टीशर्ट झाला. कोणीतरी लदेणी मोबाईलवर चढवली. आमच्या कचेरीच्या एकाही नकाशात ही वाट नाही, मी स्वतः शोधली आहे, पण मोबाईलवर आहे. तिथं तिचं नाव ‘किलर क्लाइंब’. कोण किती मिनिटांत चढलं ते त्यात दिसतं. त्या दिवसापासून तांड्यात थांबणं बंद झालं. थांबलं तर वेळ जातो ना. कानात गाणी, डोळे घड्याळावर, नायक लिंबाखालून ‘राम राम’ म्हणायचे आणि समोरचा सुसाट निघून जायचा. नायक मला म्हणाले, “तुहे पाहुणे लय घाईत असतात वं. वर कोणी वाट पाहून राह्यलं काय त्याईची?”

पाहुणे मीच आणलेले.

गेल्या वर्षी ग्रुपनं ठरवलं, लदेणीवर स्पर्धा घ्यायची. खालून ओढ्यापासून माथ्यापर्यंत, एकामागं एक. नागपूर, अमरावतीचे लोक बोलावायचे. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सहा महिने मी पहाटे जिने चढले, गुडघ्याला तेल लावलं, आणि मनाशी पक्कं केलं की त्या दिवशी काळ्या दगडावर पाय टेकवायचा नाही म्हणजे नाही. तारीख ठरवायला डॉक्टरांच्या दवाखान्यात बैठक झाली. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. पोळा नको, गणपती नको, राखी नको. मी गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीच्या रविवारावर बोट ठेवलं. म्हटलं, “हा घ्या. डोंगर हिरवागार असतो, मुरूम बसलेला असतो.” सगळ्यांना पटलं. माझं बोट, माझी तारीख.

स्पर्धेला आठ दिवस असताना भाचीचा फोन आला. “आत्या, तीजेले येशीन न? माही शेवटची हाये.”

माझ्या हातातली कणीक हातातच राहिली.

तीज कॅलेंडरावर छापलेली नसते. राखीनंतर तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी टोपल्यांत वारुळाची माती घालून गहू पेरतात. टोपल्या नायकाच्या दारातल्या मांडवात मांडतात, रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी घालतात, गाणी म्हणतात. गहू वीतभर उगवला की शेवटच्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन ओढ्यात शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. बाकी तांड्यांत संध्याकाळी, आमच्यात सकाळी, ऊन चढायच्या आत. आणि आमच्या तांड्यात तो दिवस गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी असतो. लग्न ठरलेली पोरगी सगळ्यांच्या पुढं चालते. डोक्यावर घेतलेली टोपली पाण्यापर्यंत कुठंही टेकवायची नाही, आणि गाणं मधे तोडायचं नाही. लग्न झालं की बाई पुन्हा गहू पेरत नाही. भाचीचं लग्न पुढच्या थंडीतलं ठरलं होतं, डोंगराच्या पलीकडं. म्हणजे पुढं तीच चालणार होती, आणि लदेणीनंच उतरणार होती.

हे सगळं मला माहीत होतं. माझ्या शेवटच्या तीजेला मीही पुढं होते. तिसऱ्या वळणावर माझा पाय मुरगळला होता, तरी टोपली टेकवली नव्हती. आणि तीच मी, दवाखान्यात बसून त्याच दिवसावर बोट ठेवून आले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो मीच. त्या संध्याकाळी मी पोळ्या जाळल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. खुर्चीत एक माणूस आ वासून पडला होता, डॉक्टर त्याच्या दाढेत काहीतरी करत होते. मी तशीच बोलायला लागले. तारीख बदला.

“ताई, फलक लागले, लोकांची नावं आली, ॲम्ब्युलन्स ठरली. आता कशी बदलणार? मुलींना एखादा तास उशिरा जायला सांगा ना. नाहीतर दुसऱ्या वाटेनं.”

“वाट त्यांची आहे डॉक्टर. पाहुणे तुम्ही आहात.”

“मान्य. पण तारीख तुम्हीच सांगितली होती.”

खुर्चीतल्या माणसानंसुद्धा माझ्याकडं डोळे फिरवले. मला इतका राग आला, आणि तो डॉक्टरांवर नव्हता हे जास्त वाईट. बाहेर आले, सायकल काढली आणि तडक तांड्यावर गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. केलं आपण, तर तोंड दाखवून सांगावं.

नायक लिंबाखाली दोरी वळत होते. भाची मांडवात टोपल्यांना पाणी घालत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, बोट कोणाचं तेही सांगितलं.

नायकांनी दोरी खाली ठेवली. “तू इसरली?”

“इसरली, काका.”

ते मांडवातल्या टोपल्यांकडं पाहत बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भाचीनं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, “मले मंधात थांबायचं नाई आत्या. टोपली खाली ठेवली, गाणं तुटलं, तं मंग मी तिकडं जाऊन जनमभर तेच आठवत बसीन. तुले माईत हाये.” आणि ती आत निघून गेली. तिनं आवाजही चढवला नव्हता.

मग नायक बोलले. “येऊ दे त्याईले. पावण्याले येऊ नोको कसं म्हणायचं? पण तीज डोक्यावर असतानी पोरीईच्या समोरून कोणी चाकावर जाणार नाई. गाण्याचा आवाज आला का उतरायचं, बाजूनं व्हायचं, पोरी गेल्या का मंग जायचं. हे जमत असन तं या. आन् हे पाहाची जिम्मेदारी तुही.”

“माही,” मी म्हणाले.

ही अट मी कागदावर लिहिली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. नियम पहिला. मला वाटलं वाद होईल. डॉक्टरांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “थांबलेला वेळ मोजायचा कसा ते मी पाहतो. बाकी बरोबर आहे. आपण तिथं चहा प्यायलोय.” चिवट माणूस आहे म्हटलं ना, पण सरळही आहे.

तो रविवार उजाडला. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, वर आभाळ होतं. ओढ्याजवळ साठेक लोक जमले होते. डॉक्टरांनी भोंग्यावरून पहिला नियम दोनदा वाचून दाखवला. मागं कोणीतरी म्हणालं, “गाणं ऐकू आलं तर उतरायचं? ही स्पर्धा आहे का वरात?” लोक हसले. मी मागं वळून पाहिलं आणि हेल्मेटचा पट्टा आवळला. दम चढासाठी राखून ठेवला होता.

दर मिनिटाला एक जण सोडत होते. मी निघाले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गुडघा कुरकुरला नाही. तिसऱ्या वळणाला लागले तेव्हा मागून दोन-तीन जण जवळ आले होते, “साइड, ताई, साइड” चाललं होतं. साइड कुठून देऊ, एकाच चाकाची वाट ती. पुढचं चाक काळ्या दगडाच्या कडेला लागलं. दरवेळी इथंच पाय जायचा. गेला नाही. मी अंग पुढं टाकलं, जोर लावला, आणि चाक दगडावर चढलं. अर्धं चढलं. मागचं चाक तेवढं यायचं बाकी होतं. तीन पायडल. फार तर चार. मला कळलं होतं की आज होतंय.

आणि वरून गाणं ऐकू आलं.

खोटं कशाला सांगू, एक क्षण मी पायडल मारलं. मनात आलं, अजून लांब आहेत, दगड पार करू आणि मग उतरू. पण लदेणीवर आवाज कुठून येतो ते मला ठाऊक आहे. लांब नव्हत्या, वळणाच्या वरच्या अंगाला होत्या. आणि मागचे तिघं मला ओलांडून सुसाट त्यांच्या अंगावर गेले असते.

मी पाय टेकवला. नुसता टेकवला नाही, सायकल आडवी केली आणि दगडावर वाटभर टाकून दिली.

मागचा निळ्या टीशर्टवाला माझ्या चाकावर येऊन आदळता आदळता राहिला. “काय करून राह्यल्या मॅडम? टाइम जाते ना!”

“गाणं ऐका.”

“कोणतं गाणं?”

“कानातलं काढा पहिले.”

त्यानं कानातलं काढलं. मग त्यालाही ऐकू आलं. तोंड उघडून तो काही बोलणार होता, तेवढ्यात वळणावर पहिली टोपली दिसली, हिरवा कोवळा गहू, आणि त्याखाली माझ्या भाचीचं तोंड. तो गप सायकल उचलून घाणेरीत शिरला. त्याच्या मागचे दोघंही शिरले. काट्यांनी त्यांचे हात फाटले असतील, माझे फाटले. मी सायकल खेचून छातीशी धरली आणि दगडाला पाठ लावून उभी राहिले.

पोरी एकेक करून गेल्या. सात जणी. भाची रडत होती आणि गात होती, दोन्ही एकदम, तसंच असतं ते. दगडाजवळ तिचा पाय सरकला. निळ्या टीशर्टवाल्यानं हात पुढं केला, मी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. ती सावरली. हात टोपलीवरून सुटले नाहीत, गाणं तुटलं नाही. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही, पाहायचंही नसतं. खाली मागून येणारे सगळे वाटेच्या कडेला उभे होते, हेल्मेट काढून. हेल्मेट काढा असं नियमात लिहिलं नव्हतं.

पोरी गेल्यावर निळ्या टीशर्टवाला म्हणाला, “जाऊ का आता?” जा म्हटलं. उभ्या चढावर मधेच पुन्हा सायकलीवर बसता येत नाही, त्याला आणि बाकीच्यांना दगडाच्या वरपर्यंत ढकलत जावं लागलं. मी वर गेलेच नाही. सायकल हातात धरून पोरींच्या मागं ओढ्यावर उतरले. निकालाच्या कागदावर माझ्या पुढं ‘स्पर्धा अपूर्ण’ असं लागलं. लागू द्या. यंदा मी पुन्हा नाव दिलं आहे, आणि यंदा तारखेची बैठक नायकाच्या लिंबाखाली झाली, कॅलेंडर न घेता. तो दगड मी चढणार आहे, कोणाला पैज लावायची असेल तर लावा.

ओढ्यावर गहू पाण्यात सोडताना पोरी थोडे कोंब हातात राखून ठेवतात आणि घरच्या थोरामोठ्यांना देतात. पागोटं असलं तर पागोट्यात खोवतात. भाची गुडघाभर पाण्यातून बाहेर आली, डोळे लाल, परकर ओला. माझ्यासमोर उभी राहिली. पागोटं नव्हतं, हेल्मेट होतं. तिनं हेल्मेटच्या वरच्या भोकात कोंब खोवले, एकदा हलवून पाहिले, पडत नाहीत ना.

“पाय टेकवला न आत्या?”

“टेकवला.”

“म्या टोपली नाई टेकवली,” ती म्हणाली.

मग तिनं हँडलची एक बाजू धरली, मी दुसरी धरली, आणि आम्ही दोघी सायकल ढकलत घरी गेलो.